घरबसल्या एन्टँगलमेंट वाढत नसतं, मावशी

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "मी 4,500 रुपये भरले." मजकूर असा: प्रेमाची माणसं क्वांटम एन्टँगलमेंटने जोडलेली असतात, बंध सैल झाला तर घरी बसून रोज 21 मिनिटं ध्यान करा, तो पुन्हा घट्ट होतो, समोरच्याला ते तत्क्षणी कळतं, 2022च्या नोबेलने हे सिद्ध झालंय. तिचा मुलगा वर्षभर तिच्याशी बोललेला नाही.

नोबेलचं आधी उरकते. आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर या भौतिकशास्त्रज्ञांना ते मिळालं ते गुंतलेल्या फोटॉनांवरच्या, म्हणजे प्रकाशकणांवरच्या, प्रयोगांसाठी. एन्टँगलमेंट म्हणजे हेच गुंतणं: दोन कण दूर असले तरी त्यांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी जुळलेले असतात. आईमुलाच्या नात्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तत्क्षणी कळणंही खोटं: एका टोकाला काहीही केलं तरी त्यातून दुसऱ्या टोकाला निरोप जात नाही.

चीड येते ती 'घरी बसून घट्ट' याची. कारण नेमका हाच प्रश्न भौतिकशास्त्राने सोडवलाय. समजा, दूर बसलेल्या दोघांकडे गुंतलेल्या जोडीतला एकेक कण आहे. दोघांनी आपापल्या कणावर हवं ते करावं, फोनवर बोलावं, पण कणांची देवाणघेवाण नाही. मग एक गुंतलेली अवस्था दुसरीत बदलता येईल का? भौतिकशास्त्रज्ञ मायकेल नील्सनने 1999 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या संशोधनपत्रिकेत याची अट सिद्ध केली. दोन क्युबिटांच्या (दोनच मूळ स्थिती असलेल्या कणांच्या) शुद्ध, म्हणजे पूर्ण माहीत असलेल्या, अवस्थेचं गुंतलेपण दोन आकड्यांत मावतं, बेरीज 1; आकडे जितके सारखे, तितकं गुंतलेपण जास्त. पूर्ण गुंतलेली जोडी म्हणजे 0.5 आणि 0.5, सैल जोडी म्हणजे, समजा, 0.9 आणि 0.1. पहिलीची दुसरी हमखास करता येते. दुसरीची पहिली हमखास करता येत नाही, कितीही खटपट करा. मोठ्या अवस्थांमध्ये तर 0.4, 0.4, 0.1, 0.1 आणि 0.5, 0.25, 0.25 अशा आकड्यांच्या दोन अवस्थाही आहेत, ज्यांत हमखास इकडून तिकडे जाता येत नाही की तिकडून इकडे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सैल जोडीच्या एका टोकाला योग्य मोजमापाची गाळणी लावली, तर ती कधीकधी पूर्ण गुंतते. 0.9 आणि 0.1 या आकड्यांना 100 पैकी फार तर 20 वेळा. उरलेल्या 80 वेळा होतं तेवढं गुंतलेपणही जातं. आणि जमलं की नाही हे पलीकडच्याला साध्या फोननेच सांगावं लागतं!

मावशीने ज्यांना पैसे भरले, त्यांच्याकडे मी ते परत मागितले. "ऊर्जा सुरू झालीय, आता परतावा नाही," असं उत्तर आलं. मावशीच्या भिशीतल्या आणखी दोघी नाव नोंदवणार आहेत. हा फॉरवर्ड पुढे ढकललेल्यांनी तो आजच काढा.