‘शाळा संपू दे, मग बघू’ : तोवर उशीर झालेला असतो

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘दिव्यांग मुलाची शाळा संपेपर्यंत पुढचा विचार करू नका. आधी मूल तयार होऊ द्या, मग काम शोधा. निर्णय तुम्हीच घ्या, त्याला काय कळतंय?’ लिहिणाऱ्याला धीर द्यायचा असेल. पण मी विशेष शिक्षिका आहे आणि यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

‘शाळा संपेपर्यंत थांबा.’ थेरपी, मदतनीस, मित्र, रोजचं वेळापत्रक हे सगळं शाळेत एका छपराखाली असतं. शेवटच्या दिवशी ते एकदम बंद होतं. पुढचे अर्ज आणि तपासण्या तेव्हा सुरू केल्या, तर मधले महिने मूल घरी बसून काढतं आणि शिकलेलंही विसरतं. अमेरिकेत कायद्यानेच शाळेनंतरचं हे नियोजन १६व्या वर्षापर्यंत मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात यावं लागतं. इंग्लंडमध्ये ते १३-१४व्या वर्षीच सुरू होतं. एकट्याने बसने जायला शिकण्यातच कित्येक महिने जातात हो!

‘आधी तयार होऊ द्या.’ हे वाक्य सगळ्यात शहाणं वाटतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. माझा एक विद्यार्थी वर्गात रंगीत ठोकळे अचूक लावायचा. ग्रंथालयात सरावासाठी गेला, तर पुस्तकांच्या ढकलगाडीला हातच लावेना. आम्हाला वाटलं, अजून तयार नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, गाडीचं एक चाक करकरत होतं आणि तो आवाज त्याला सहन होत नव्हता. चाकाला तेल घातलं, कपाटांच्या कडेला रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि तो कामाला लागला. हे वर्गात बसून कुणाला कळलं असतं? आधी कामावर न्या, मग तिथेच शिकवा, ही पद्धत १९८०च्या दशकापासून रुळलेली आहे. ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम १९९६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, मुलांच्या रुग्णालयात सुरू झाला. त्यात विद्यार्थी शाळेचं शेवटचं वर्ष कामाच्या जागीच काढतात. शाळेत असतानाच पगारी काम केलेल्या मुलांना पुढे नोकरी मिळण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

नोकरी प्रत्येकाला जमेलच असं नाही, हे मान्य. पण दिवस कुठे आणि कोणासोबत घालवायचा, बालरोगतज्ज्ञांनंतर कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, हे प्रश्न कुणालाच चुकत नाहीत.

‘त्याला काय कळतंय?’ संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क कराराचं १२वं कलम सांगतं, की निर्णयाचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी लागणारा आधार द्यायला हवा. आधार म्हणजे फार मोठं काही नसतं. ग्रंथालयातल्या त्याच मुलाचं पुढचं ठरवायच्या बैठकीत ‘याला काय आवडतं?’ असं विचारल्यावर आम्ही सगळे त्याच्या आईकडे बघत होतो. तो बोलत नाही ना! मग टेबलावर कामाच्या जागांचे सहा फोटो मांडले. कॉम्प्युटरचा त्याने सरळ बाजूला सारला. पुस्तकांच्या कपाटावर बोट ठेवलं आणि बैठक संपेपर्यंत काढलंच नाही.