चपला बाहेर काढून आत या

परवा भाचीचा फोन. हिंजवडीत नोकरीला आहे. "मामा, रोजचं काम पायरीपायरीने लिहून द्या म्हणतायत. कशाला, ते कुणी सांगत नाही. मीटिंगमध्ये साहेब फक्त म्हणाले, एआयला घाबरू नका."
"मग?"
"तेव्हापासूनच घाबरलेय."

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेत 1990 च्या सुमारास लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खात्यांच्या नोंदी करायचं मशीन आलं. त्याला एसी खोली, वर प्लॅस्टिकचं कव्हर, दारावर पाटी: चपला बाहेर काढा. देवघरच म्हणा ना! आम्ही बाहेर पंख्याखाली घामाघूम. विरोध तर होताच, गेटवर घोषणा देत मीही घसा कोरडा केलाय. आजची पोरं हसतात. पण संघटना भांडल्या म्हणूनच 1983 साली यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि मशिनं कशी, किती वापरायची ते कागदावर आलं.

तेव्हाचे आमचे मॅनेजर चष्मा नाकावर ओढून आठवडाभर स्वतः मशीनवर बसले. एकदा एकाची रक्कम दुसऱ्याच्याच खात्यात टाकली. सरळ हॉलमध्ये आले, "चुकलं माझं. जुनं लेजर काढून देता का कुणी?" सोमवारी कोण कुठल्या टेबलावर जाणार याची यादी लागली. मी क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवायच्या टेबलावर. अजिबात आवडलं नाही, पण कळलं तरी. नंतर गेटवर माझा आवाज काही पूर्वीसारखा लागेना.

मग 2000-01 ची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. साहेब नवे. "सक्ती कुणावर नाही" असं चारचौघांत म्हणायचे आणि दार लावून एकेकाला आत घ्यायचे. देशभर लाखावर लोक गेले. आमच्याकडे पहिला गेला तो कर्जाच्या फायली तोंडपाठ असलेला माणूस. ज्यांनी जावं असं साहेबांना वाटत होतं, ते ढिम्म. पुढे कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणकाला जोडणं, आलं तेव्हा माझ्या अडीनडीच्या नोंदींची डायरी मी ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवायचो. नव्या पोरांनी विचारलं तरी "बघून सांगतो". लाज वाटते आता. पण त्या केबिनच्या बंद दाराआड माझंही नाव निघत असेल, हे डोक्यातून जात नव्हतं.

एचआरवाले याला "बदलाला विरोध" म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

भाचीला म्हटलं, हे लिहून कशासाठी हवंय आणि नंतर तुझं काम काय, साहेबांना मेलवर विचार. तिने विचारलं. काल उत्तर आलं: "नोटेड."