हाय-हॅट ‘सगळं घट्ट, सगळं लेव्हल’? नको!

नव्या ड्रमरला हमखास मिळणारा आणि रील्समधून फिरणारा सल्ला असा: हाय-हॅटचा (पेडलने एकमेकांवर मिटणाऱ्या दोन सिंबल्सच्या जोडीचा) ‘चिक्’ कडक हवा तर क्लचचे (वरचं सिंबल पेडलच्या रॉडवर धरणाऱ्या भागाचे) सगळे नट आवळा, दोन्ही सिंबल्स एकदम लेव्हलमध्ये ठेवा, जड सिंबल वर लावा आणि पेडलची स्प्रिंग फुल टाइट करा. यातलं एकही जसंच्या तसं खरं नाही. पहिल्या दोन गोष्टी तर ज्या आवाजासाठी सांगितल्या जातात, तोच मारतात.

‘सगळे नट आवळा.’ कुठला नट, ते आधी बोला. क्लचवर खालून वर क्रम असतो: तळाचा नट, फेल्ट (नमद्याची मऊ चकती), सिंबल, फेल्ट आणि त्यावर दोन नट. तळाचा नट पक्काच हवा. तो सुटला तर ऐन गाण्यात वरचं सिंबल खालच्यावर येऊन पडतं आणि रॉड नुसताच वरखाली होत राहतो. सारखा सुटत असेल तर आट्यांवर नळाची टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा.

वरच्या दोन नटांची गोष्ट वेगळी. ते पिळून फेल्टं चेपली की सिंबल जखडतं, आणि उघडं वाजवलं तर जेवणाच्या ताटावर काठी मारल्यासारखं वाजतं. या दोनांतला खालचा नट फेल्टला टेकवा, मग थोडा मागे घेऊन २-३ मिमी मोकळीक सोडा. आता तो बोटांत धरून ठेवा आणि वरचा नट त्यावर आवळा, म्हणजे दोघे एकमेकांना अडकतात. सिंबलची कड बोटाने उचलली की ते डुललं पाहिजे. मात्र फार ढिलं ठेवलंत तर पायाची हालचाल त्या मोकळ्या जागेतच वाया जाते आणि ‘चिक्’ लेचापेचा येतो. सल्ला देणाऱ्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो: ढिलाईवर उपाय म्हणून ते थेट जखडायला सांगतात. भाड्याच्या किटवर फेल्टं दगड झालेली असतात, तिथे नटांशी खेळत बसण्यापेक्षा फेल्टं बदला.

‘दोन्ही सिंबल्स लेव्हल ठेवा.’ दोन्ही कडा सगळीकडून एकदम मिळाल्या की मधली हवा कोंडते आणि ‘चिक्’ऐवजी ‘फुप्’ ऐकू येतं. खालच्या सिंबलच्या बैठकीखाली एक छोटा स्क्रू असतो, तो नेमका यासाठीच दिलेला आहे. तो फिरवून खालचं सिंबल एका बाजूला किंचित कलतं करा, कडेपाशी दोन-तीन मिलिमीटर फरक पडेल इतकंच. पेडल मारत, कानाने ऐकत फिरवा. जास्त कललं तर एकच कड टेकते आणि बंद हाय-हॅटही फरफरत राहतो. पाइस्टेच्या साउंड एज जोडीत खालची कड नागमोडी असते, झिल्डजियनच्या क्विक बीटमध्ये खालच्या सिंबलला चार भोकं असतात. दोन्ही युक्त्या हवा बाहेर काढायच्याच, त्यामुळे तिथे कल जवळपास लागत नाही.

‘जड सिंबल वर.’ उलट. नेहमीच्या जोडीत हलकं वर, जड खाली. हलकं काठीला लगेच प्रतिसाद देतं, जड खाली घट्ट बसून ‘चिक्’ला धार देतं. कुठलं वरचं, कुठलं खालचं हे सांगणारा शिक्का पुसला गेला असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, पाच सेकंदांत कळतं. काही ड्रमर मुद्दाम उलटं लावतात, पण ती आवड झाली, नियम नव्हे.

‘स्प्रिंग फुल टाइट.’ स्प्रिंगने वरचं सिंबल उचलावं आणि पेडल पायाला येऊन भिडावं, एवढंच. त्याहून ताणली तर पोटरी भरते, अर्धवट उघडा आवाज धरवत नाही. वरचं सिंबल जड असेल तर ताण थोडा वाढवा.

दोन सिंबल्समधल्या गॅपबद्दल मात्र हे रील्स गप्प असतात. क्लचचा विंग बोल्ट ढिला करा, वरचं सिंबल खालच्यावर टेकू द्या, पेडल हवं तितकं दाबून धरा आणि बोल्ट आवळा. पाय सोडला की सिंबल तेवढंच वर येतं. सुरुवातीला २ ते ३ सेमी ठेवा. बोल्ट बोटांनीच आवळा. पक्कड लावली की रॉडला खळगा पडतो, मग बोल्ट दर वेळी त्याच खळग्यात घसरतो आणि गॅप हवी तिथे थांबत नाही. खळगा पडलाच असेल तर क्लच थोडा फिरवून बोल्ट रॉडच्या कोऱ्या बाजूवर येऊ द्या.