‘डोकं खाली ठेवा’ आणि ड्रायव्हरबद्दलचे इतर फॉरवर्ड

गोल्फ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ड्रायव्हरबद्दल, म्हणजे टीवरून लांब फटका मारायच्या क्लबबद्दल, एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. ड्रायव्हर सरळ करायचाय? पाच गोष्टी करा. डोकं खाली ठेवा. डावा हात ताठ ठेवा. स्लाइस होत असेल, म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळत असेल, तर डावीकडे नेम धरा. टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, खाली ठेवा. सावकाश मारा. शेवटी एक पुरवणी असते: एवढं करूनही जमत नसेल तर ड्रायव्हर बदला.

यातला एकही सल्ला पूर्ण खोटा नाही, आणि तीच पंचाईत आहे. प्रत्येकात कणभर तथ्य आहे, म्हणून तो टिकलाय. पण बॉल कुठून निघाला, कुठे वळला आणि फेसच्या, म्हणजे क्लबच्या बॉलला भिडणाऱ्या बाजूच्या, कोणत्या भागावर लागला, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. नाडी न बघता लिहिलेली चिठ्ठी आहे ही. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

सुरुवात तिसऱ्या सल्ल्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. ‘बॉल उजवीकडे जातोय ना, मग डावीकडे उभे राहा.’ ऐकायला साधा हिशेब वाटतो. पण स्लाइस कसा होतो ते बघा. ड्रायव्हरचा बॉल सुरुवातीला कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो, साधारण 85 टक्के. उरलेला भाग स्विंगच्या मार्गाचा, म्हणजे बॉल लागताना क्लब ज्या दिशेने चाललेला असतो त्याचा. बॉल मधोमध लागला असेल तर हवेत तो किती वळणार हे फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. फेस मार्गापेक्षा उजवीकडे उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळतो. फरक जितका मोठा, तितकं वळण मोठं. बरीच वर्षं शिकवणी याच्या उलट चालायची: बॉल मार्गाच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असं सांगितलं जायचं. रडारवर चालणारी यंत्रं सरावाच्या रेंजवर आल्यानंतर ते मागे पडलं. फॉरवर्ड मात्र अजून जुन्याच काळात आहे.

आता डावीकडे उभं राहिलं की काय होतं? पाय आणि खांदे डावीकडे वळले की स्विंगचा मार्गही त्यांच्याबरोबर आणखी डावीकडे जातो. पण फेअरवे, म्हणजे बॉल पडायला हवा तो कापलेल्या गवताचा पट्टा, कुठे आहे हे डोळ्यांना माहीत असतं, त्यामुळे हात फेस तिकडेच ठेवतात. फरक आधी समजा चार अंशांचा होता, तो आता सात झाला. बॉल आणखी वळतो, खेळणारा आणखी डावीकडे सरकतो. काही महिन्यांनी तो शेजारच्या होलकडे तोंड करून उभा असतो आणि बॉल तरीही उजवीकडच्या झाडीत.

शिवाय स्लाइस एका प्रकारचा नसतो. बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर दोष मुख्यतः मार्गाचा: क्लब बाहेरून आत, म्हणजे बॉलच्या पलीकडून आपल्याकडे, येतोय. बॉल निघतानाच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जात असेल तर दोष फेसचा. आणि तिसरा प्रकार बहुतेकांच्या गावीही नसतो. बॉल फेसच्या हीलकडे, म्हणजे दांड्याजवळच्या टोकाकडे, लागला तर क्लबचं डोकं धक्क्याने फिरतं आणि बॉलवर उलटी, स्लाइसची फिरकी चढते. मार्ग आणि फेस दोन्ही ठीक असूनही. हे तपासायला यंत्र लागत नाही. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने ठसठशीत ठिपका काढा, तो क्लबकडे करून टीवर ठेवा आणि मारा. ठसा फेसवर उमटतो. दहाबारा बॉल मारलेत की स्वतःचा रोग कळतो, फक्त प्रत्येक वेळी फेस पुसायला विसरू नका.

मार्गाचा दोष पुष्कळदा स्विंग सुरू व्हायच्या आधीच तयार झालेला असतो. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या समोर ठेवतात. तिथपर्यंत पोहोचताना उजवा खांदा नकळत पुढे येतो, आणि पाय सरळ असले तरी खांदे डावीकडे उघडतात. सोबत्याला छातीसमोर खांद्यांच्या रेषेत एक क्लब आडवा धरून बघायला सांगा. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली हवा आणि दोन्ही खांद्यांची रेषा लक्ष्याला समांतर. मग बॉलच्या पलीकडे, वीतभर मागे, ड्रायव्हरचं रिकामं हेडकव्हर, म्हणजे त्याच्या डोक्यावरची टोपी, ठेवा. क्लब बाहेरून आला की ते उडतं. त्या हेडकव्हरइतका स्पष्टवक्ता कोच मिळणं कठीण. दोष फेसचा असेल तर आधी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत, बघा: वरून पाहताना डाव्या हाताच्या दोन ते तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहणारच, मग नेम कुठेही धरा. आणि ठसा हीलकडे असेल तर बॉलच्या किती जवळ उभे आहात आणि खाली येताना वजन पंजांवर ढकललं जातंय का, तिथे शोधा.

आता ‘डोकं खाली ठेवा’. भारतातल्या कुठल्याही कोर्सवर बॉल टॉप झाला, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागाला लागला, की चौघांपैकी कोणीतरी, नाहीतर कॅडी, लगेच निदान करतो: ‘साहेब, डोकं वर आलं.’ डोकं वर आलेलं दिसतं हे खरं. पण बहुतेक वेळा वर आलेली असते छाती, आणि डोकं तिच्याबरोबर जातं. वजन उजव्या पायावरच अडकलेलं, कंबर बॉलच्या दिशेने पुढे आलेली, हात त्यामुळे आखडलेले. अशा माणसाला डोकं खिळवून ठेवायला सांगितलं की तो मान आवळतो, उजवा खांदा हनुवटीखालून जाऊ शकत नाही, आणि छाती फिरायची थांबते. मग डावा कोपर दुमडून बाहेर येतो आणि फेस उघडा राहतो. एका रोगावर औषध घेतलं आणि दुसरा जडला.

डेव्हिड ड्युव्हल आणि अ‍ॅनिका सोरेनस्टॅम या नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंचे जुने व्हिडिओ बघा. दोघांचंही डोकं बॉल लागण्याच्या सुमारालाच लक्ष्याकडे वळायला लागलेलं दिसतं. ड्युव्हलने 1999 मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेत, एका फेरीत फक्त 59 फटके मारले आणि 2001 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकलं. सोरेनस्टॅमने त्याच 2001 मध्ये एलपीजीएवर, म्हणजे महिलांच्या मालिकेत, 59 मारले आणि कारकिर्दीत दहा मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा, जिंकल्या. बॉल फेसवर असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्यानंतर खाली गवताकडे बघत राहून त्याला कुठेही पाठवता येत नाही. सल्ल्यातलं तथ्य एवढंच: डोकं लक्ष्याच्या दिशेने पुढे सरकू नये. ड्रायव्हरला बॉल लागताना ते बॉलच्या मागे हवं. वळायला मात्र त्याला मोकळीक द्या.

डाव्या हाताच्या ताठपणावर फार शाई खर्च करायची गरज नाही, एक नाव पुरे आहे. कॅल्विन पीट. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा डावा कोपर मोडला आणि तो हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झालाच नाही. याच पीटनी 1981 ते 1990 अशी सलग दहा वर्षं पीजीए टूरवर ड्रायव्हिंगच्या अचूकतेत पहिला क्रमांक राखला. डावा हात वाकडाच असलेल्या एड फर्गोलने 1954 ची यूएस ओपन जिंकली. हात लांब असावा, ताठ नसावा. पन्नाशीपुढच्या, खांदे आखडलेल्या माणसाने तो ताठ करायचा हट्ट धरला की खांदे वळायचेच थांबतात आणि क्लब नुसत्या हातांनी उचलला जातो. बाहेरून आत येणारा मार्ग तिथूनच सुरू होतो.

टी खाली ठेवायचा सल्ला येतो तो बॉल आकाशात उंच उडण्याच्या भीतीपोटी. ड्रायव्हरच्या माथ्यावर ओरखडे दिसले की दोष टीच्या उंचीला देतात. पण बॉल माथ्यावर लागतो तो क्लब उभा, वरून खाली कोसळत येतो म्हणून. टी खाली केली की ओरखडे थांबतात, कोसळणं तसंच राहतं. उलट बॉल फेसच्या खालच्या भागावर लागायला लागतो, कमी उंचीवर निघतो, त्याच्यावर मागची फिरकी वाढते आणि अंतर घटतं. क्लब टेकवला असताना साधारण अर्धा बॉल ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसेल इतकी टी ठेवा आणि क्लब किंचित वर जाताना बॉलला लागू द्या.

इथे टीव्हीवरचे पुरुष हा आदर्श ठेवू नका. रडारची यंत्रं बनवणाऱ्या ट्रॅकमॅन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या सरासरीत पीजीए टूरचे खेळाडू ड्रायव्हर ताशी 113 मैलांच्या आसपास फिरवतात आणि अंशभर खाली येतानाच बॉल मारतात. एलपीजीएच्या खेळाडूंचा वेग 94 च्या आसपास, आणि त्या सुमारे तीन अंश वर जाताना मारतात. आपल्या क्लबातल्या मंडळींना कोणता नमुना जवळचा आहे हे उघड आहे. भारताची अदिती अशोक तर त्यांच्यातही कमी अंतर मारणाऱ्यांपैकी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचं पदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली. ताकदीचं दुसऱ्याचं गणित आपल्यावर लादू नये, हे तिचा खेळ बघितला की पटतं.

‘सावकाश मारा’ म्हणणाऱ्यांना बहुधा घाई टाळा असं म्हणायचं असतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चांगल्या खेळाडूंचा वर जाण्याचा वेळ खाली येण्याच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो, आणि खाली येताना ते वेग हातचा राखत नाहीत. खाली येताना मुद्दाम हळू झालात तर हात थबकतात, फेस बंद व्हायला उशीर होतो. बॉल मध्ये लागत नसेल तर वेगाला हात लावण्याआधी ग्रिप इंचभर खाली धरा. आजचे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात, आणि व्यावसायिक स्पर्धांसाठीसुद्धा 2022 पासून 46 इंचांची मर्यादा लावता येते. आपण पूर्ण लांबी वापरायलाच हवी असा नियम कुठेही नाही.

राहिली पुरवणी, नवा ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या डोक्याचा आकार 460 घन सेंटीमीटरच्या वर जाऊ शकत नाही आणि फेसची उसळीही नियमांनी बांधलेली आहे, त्यामुळे कालच्या आणि आजच्या ड्रायव्हरमधला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा नसतो. फरक पडतो लॉफ्टने, म्हणजे फेस मागे किती अंश कललेला आहे त्याने. नऊ अंशांचा ड्रायव्हर बाळगण्यात अनेकांना मोठेपणा वाटतो, पण फेस आणि मार्गातला फरक तेवढाच असेल तर जास्त लॉफ्टवर बॉल कमी वळतो. तुमच्या ड्रायव्हरला अ‍ॅडजस्टेबल होझल, म्हणजे दांडा आणि डोकं यांचा फिरवता येणारा जोड, असेल तर लॉफ्ट दीड-दोन अंशांनी वाढवा. बहुतेक मॉडेलांत त्यासोबत फेसही थोडा बंद होतो. लागते ती एक छोटी किल्ली, आणि ती ड्रायव्हरसोबत आलेल्या खोक्यातच कुठेतरी पडलेली असते.