पाकीट स्वतःलाच पाठवून कॉपीराइट मिळत नाही

‘हस्तलिखित पाकिटात घाला, स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवा आणि पाकीट फोडू नका, की झाला कॉपीराइट,’ असा निरोप नाशिकच्या लिहित्या मंडळींत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कथा-कविता स्वतःची असेल, तर ती लिहून झाली की हक्क लेखकाचाच. त्यासाठी ना पाकीट लागतं, ना नोंदणी. शिक्का फार तर टपालाची तारीख सांगतो. आत काय होतं आणि ते कधी घातलं, हे नाही. रिकामं, न चिकटवलेलं पाकीटही पाठवता येतंच की!

नोंदणी ऐच्छिक असली तरी तिचा उपयोग आहे: याच कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरते, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ती ग्राह्य धरतात. अप्रकाशित लेखनही नोंदवता येतं. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. त्यासाठी दिल्लीतल्या कॉपीराइट कार्यालयात जायला नाशिकरोडहून गाडी पकडायला नको. अर्जावर कुणाची हरकत येते का, यासाठी ३० दिवस थांबावं लागतं.

मात्र कट्ट्यावर सांगून टाकलेल्या नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. खरा धोका बहुधा प्रकाशकाशी होणाऱ्या करारात असतो, आणि तो करार आपण वाचतच नाही. हक्क हस्तांतराची मुदत त्यात लिहिलेली नसेल, तर कायदा ती ५ वर्षे धरतो.