काटा मध्यावर आहे म्हणून गिअरबॉक्स थंड असतो असं नाही

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमानाचा काटा मध्यावर असेल तर गिअरबॉक्सही ठीकच आहे. गिअरबॉक्स ऑइलचं तापमान ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांनी बघावं, रस्त्यावर त्याची गरज नाही. ते ऑइल आयुष्यभराचं असतं, आणि शंका वाटलीच तर जरा दाट ऑइल भरून घ्यावं. लोक हा मेसेज विश्वासाने पुढे पाठवतात. टर्बो इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दमदार गाड्या घेणाऱ्यांचं यातून खरंखुरं नुकसान होऊ शकतं, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी काट्याचं. इंजिनातली उष्णता इंधन जळून येते. गिअरबॉक्समधली येते ती दात एकमेकांवर घासून, ऑइल घुसळलं जाऊन, क्लच प्लेट घसरून आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलच्या मार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातून. कन्व्हर्टरवाल्या गाडीत ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला, तर चाकं फिरत नाहीत आणि इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद त्या ऑइलमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्यात कूलंटचा काटा हलतही नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. कूलंट बऱ्यापैकी वरखाली झालं तरी चालकाला घाबरवायचं नाही, म्हणून काटा मध्यावरच दाखवतात. जो काटा स्वतःच्या कूलंटचं खरं तापमान सांगत नाही, त्याच्यावरून गिअरबॉक्सचं अनुमान कसं काढायचं?

मेसेजमध्ये एक खरा धागा आहे, तो नाकारत नाही. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधल्या किंवा बाजूच्या कूलरमधून कूलंटच्याच मदतीने गार होतं. त्यामुळे कूलंट तापलं तर गिअरबॉक्सही तापतो. पण उलटं खरं नाही. कूलंट 90 अंशांवर शांत असताना ऑइल 120 च्या पुढे गेलेलं असू शकतं.

'ट्रॅकवाल्यांचं काम' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण सोलापूरला तो मुळीच लागू पडत नाही. पुणे रस्त्यावर 90–100 च्या वेगाने सरळ चाललेली गाडी गिअरबॉक्सला फारसा त्रास देत नाही. कन्व्हर्टर लॉक झालेला असतो, म्हणजे ताकद ऑइल न घुसळता थेट पुढे जाते, आणि वारा भरपूर मिळतो. खरा त्रास सरपटणाऱ्या गर्दीत होतो. नवरात्रात तुळजापूरचा घाट चढताना पुढे बस, मागे ट्रक, आणि गाडी पाच-पाच फूट सरकवायची. क्लच अर्धवट धरलेला, वारा नाही, चढ आहे. त्यात आपली हवा. कूलर किती उष्णता बाहेर टाकतो हे ऑइल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. ऑइल 100 अंश आणि हवा 25 असेल तर फरक 75 चा. मे महिन्यात हवा 43 झाली की तो 57 वर येतो. म्हणजे गाडीत काहीही न बिघडता कूलरची क्षमता जवळपास एक चतुर्थांशाने घटते. डांबरावरून उठणारी झळ यात धरलेलीच नाही.

इथे एक बारकावा आहे, तो दुर्लक्षू नये. काही ऑटोमॅटिक गाड्यांत कन्व्हर्टरऐवजी दोन क्लच असतात, त्याला ड्युअल क्लच म्हणतात. ते दोन प्रकारचे असतात. ओल्या क्लचमध्ये प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, म्हणून ऑइलचं तापमान बरंच काही सांगतं. फोक्सवॅगन गटाच्या सात गिअरच्या डीक्यू200 सारख्या कोरड्या क्लचमध्ये प्लेटांना ऑइल लागतच नाही. तिथे ऑइल थंड दिसेल आणि प्लेटा भाजत असतील. अशा गाडीत ऑइलच्या आकड्यावर विसंबू नका. क्लच तापल्याचा इशारा स्क्रीनवर आला की बाजूला थांबा, गाडी पार्कमध्ये टाका.

आता 'आयुष्यभराचं ऑइल'. आठ गिअरचा 8एचपी गिअरबॉक्स अनेक महागड्या गाड्यांत असतो. तो बनवणारी झेडएफ कंपनीच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. ऑइल खराब होण्याचा वेग तापमानानुसार वाढतो. साधा ठोकताळा असा की दर 10 अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो. मग त्यातून चिकट थर धरतो, सील कडक होतात, व्हॉल्व्ह अडकायला लागतात आणि गिअर झटक्याने पडतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच लोकांना ते खोटं वाटतं.

दाट ऑइलचा सल्ला सरळ धोक्याचा आहे. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल वंगण तर करतंच, पण दाबाने क्लच आवळणं आणि व्हॉल्व्ह हलवणं हेही तेच करतं. कंपनीने सांगितलेलं ऑइल सोडून दुसरं घातलं तर सगळा हिशोब बिघडतो. थंड असताना तर ते आणखी घट्ट, म्हणून सकाळी गाडी काढल्याबरोबर जोर देणंही तितकंच वाईट. निसानच्या जीटी-आरसारख्या गाडीत गिअरबॉक्स ऑइलचं तापमान स्क्रीनवर दिसतं. आकडा जसा कधी थांबायचं ते सांगतो, तसाच कधी जोर द्यायला हरकत नाही तेही सांगतो.

बाकीच्यांनी काय करायचं? ओबीडीत, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये लावायचा स्वस्त डोंगल बहुतेक वेळा कूलंटचंच तापमान दाखवतो, आणि लोक ते गिअरबॉक्सचं समजतात. गिअरबॉक्सचा आकडा सहसा कंपनीच्या खास कोडमधून मिळतो, तेव्हा ॲपमध्ये आपल्या मॉडेलचा कोड आहे का ते तपासा. सेन्सर कुठे आहे तेही पाहा. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑइल सगळ्यात गरम, तळाशी साठलेलं त्याहून थंड. साध्या कन्व्हर्टरवाल्या गाडीत 80 ते 100 नेहमीचं, घाटात थोडा वेळ 115 दिसलं तर घाबरायचं कारण नाही. 130 च्या पुढे जात राहिलं तर थांबा, गाडी पार्कमध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे पंप ऑइल कूलरमधून फिरवत राहील. संगणक गाडीची ताकद स्वतःहून कमी करतो खरा, पण तोवर ऑइल बरंच भाजलेलं असतं.

आणि ऑइल बदलायला गाडी टाकाल तेव्हा मेस्त्रींना एक प्रश्न जरूर विचारा: लेव्हल किती तापमानाला बघणार? 8एचपीत ती ऑइल 30 ते 50 अंशांच्या मधे असताना, इंजिन चालू ठेवून बघतात. मे महिन्याच्या दुपारी लांबून चालवत आणलेली गाडी त्या पट्ट्याच्या केव्हाच वर गेलेली असते. ऑइल गरम होऊन फुगलेलं असल्याने जास्तीचं बाहेर सांडतं आणि थंड झाल्यावर कमी भरतं. ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर लावल्याशिवाय लेव्हल बघणार असतील, तर गाडी दुसरीकडे न्या.