‘पीएक्सई लावा की सरळ’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

बाब, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ब्लेड सर्व्हरवर (चेसिस नावाच्या एका मोठ्या पेटीत शेजारी-शेजारी बसणारे पातळ सर्व्हर) लिनक्स टाकायला पेनड्राइव्ह, आयएसओ (अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल), चेकसम (फाइल धड उतरली का ते तपासायचा आकडा) हा सगळा पोरखेळ आहे, वेर्ण्याला तुमच्याकडे पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरूनच बूट करायची सोय, लावून ठेवलाय आणि अख्खं चेसिस एका दुपारी उरकतं, मग मी आधीच्या लेखात बूट मीडियावर एवढं लांबण कशाला लावलं. राग बिग काही नाही, शेवटपर्यंत वाचलंत यातच आनंद आहे. पण पीएक्सई लावला की मीडिया तयार करायची कटकटच संपली, हे मला पटत नाही. ती कटकट पेनड्राइव्हवरून उठून नेटवर्कवर जाऊन बसते एवढंच.

कारण सांगतो. इन्स्टॉलेशनचा मीडिया दोनदा वाचला जातो. पहिल्यांदा फर्मवेअर वाचतं, म्हणजे मशीन चालू होताच धावणारा बायोस किंवा यूईएफआय, ते कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (त्याच्या सोबतची छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम) मेमरीत आणून ठेवतं आणि बाजूला होतं. मग कर्नल उठतो आणि त्याला तोच मीडिया स्वतःच्या ड्रायव्हरने पुन्हा शोधावा लागतो, कारण इन्स्टॉलरचा मोठा तुकडा, ज्याला रेड हॅटवाले स्टेज २ म्हणतात, तो अजून आलेलाच नसतो. मेनू दिसला की अर्धे लोक खूश होऊन चहाला जातात, परत येऊन बघतात तर स्क्रीनवर ड्राकटच्या (सुरुवातीला मीडिया शोधणारा भाग) टाइमआउटच्या ओळींची रांग लागलेली.

आता तुमचा पीएक्सईच घ्या. ब्लेडच्या नेटवर्क कार्डाने डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी सेवा) आयपी घेतला, टीएफटीपीवरून (फाइली पाठवणारी साधी सेवा) कर्नल आला, सगळं झकास. कर्नल उठला की तो कार्ड नव्याने चालू करतो, लिंक एकदा पडते आणि परत येते, आणि चेसिसमधल्या स्विचच्या त्या पोर्टवर जुनं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी व्यवस्था) असेल आणि पोर्टफास्ट (न थांबता पोर्ट लगेच उघडायची सेटिंग) लावलेलं नसेल तर तो पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद काहीच पुढे सोडत नाही. तेवढ्यात इन्स्टॉलरने डीएचसीपीचा नाद सोडलेला असतो. त्यात एकेका ब्लेडला दोन-चार नेटवर्क पोर्ट असतात, आपण ज्यावरून बूट झालो तोच कर्नल पकडेल याची काय गॅरंटी? म्हणून पीएक्सईलिनक्स या बूटलोडरच्या (कर्नल उचलून आणणारा छोटा प्रोग्राम) मेनूत ‘आयपीअपेंड २’ ही ओळ लागते, तिने बूट झालेल्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस कर्नलला कळतो. यूईएफआयवर ग्रब हा दुसरा बूटलोडर वापरत असाल तर हे आपोआप होत नाही, हाताने लिहावं लागतं. तुमच्याकडे हे कोणीतरी कधीतरी करून ठेवलंय म्हणून तुम्हाला त्रास जाणवत नाही, बाकी काही नाही.

पेनड्राइव्हची गोष्टही तीच. आयएसओ उघडून फाइली फॅट३२ पेनवर कॉपी-पेस्ट करणारे बरेच असतात, फर्मवेअरला ते चालतंसुद्धा. पण मेनूत लिहिलेलं असतं की अमुक लेबलच्या डिस्कवर स्टेज २ शोध, फॅटचं लेबल ११ अक्षरांपुढे जात नाही आणि रॉकी किंवा आल्मा या रेड हॅटसारख्या लिनक्सच्या आयएसओचं लेबल त्याहून लांब असतं, मग सापडणार कुठून. म्हणून मी डीडीने (आयएसओ जशीच्या तशी पेनवर उतरवणारी कमांड) सरळ लिहा म्हटलं होतं, रूफस या विंडोजवरच्या प्रोग्राममध्येही डीडी मोड आहेच. आणि चेकसमला हसू नका हो, पावसाळ्यात लाईट जाते, डाउनलोड मध्येच तुटतं, शा२५६ हा चेकसम जुळवायला मिनिटभर लागतं.

ब्लेडची खरी गंमत वेगळीच आहे, ब्लेडला स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. आयबीएमच्या ब्लेडसेंटरमध्ये सगळ्या ब्लेडना मिळून एकच मीडिया ट्रे (डीव्हीडी ड्राइव्हचा कप्पा), आणि ब्लेडच्या तोंडावरचं ‘एमटी’ बटण ज्याने दाबलं त्याचा तो. तुमचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर आणि शेजारच्या ब्लेडवर काम करणाऱ्याने सहज ते बटण दाबलं, की खलास! एचपीच्या सी७००० मध्ये आयएसओ असलेला पेन चेसिसच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मॉड्यूलला लावून अनेक ब्लेडना एकदम दाखवता येतो, ही सोय मला जाम आवडते.

घरून व्हर्च्युअल मीडिया (आपल्या कॉम्प्युटरवरची आयएसओ नेटवर्कवरून ब्लेडला डिस्क म्हणून दाखवायची सोय) लावणाऱ्यांसाठी एक हिशेब. रॉकी ९ ची पूर्ण डीव्हीडी १० जीबीच्या आसपास आहे. म्हापशाला घरी बसून लॅपटॉपवरची आयएसओ फोंड्याच्या ब्लेडला जोडली तर ब्लेड जे जे वाचेल ते तुमच्या घरच्या अपलोडमधून जाणार, १० एमबीपीएस धरला तर अख्खी डीव्हीडी जायला सव्वादोन तास, आणि लॅपटॉप झोपला की मीडिया गायब. म्हणून छोटी बूट आयएसओ घ्या, जी साधारण एक जीबीची असते, आणि पॅकेजेस रॅकमधल्याच कुठल्या तरी मशीनवर एचटीटीपीने ठेवा.

‘जुन्या मशीनचं कशाला लिहिता’ हाही टोमणा होता. अहो, कॉलेजच्या लॅबमध्ये सेकंडहँडच येतात! आणि तिथेच हे सगळं जास्त लागतं, कारण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून एमपीटीसॅससारखे जुने स्टोरेज ड्रायव्हर काढून टाकलेत, आयबीएमच्या एचएस२२ सारख्या ब्लेडवर इन्स्टॉलर मस्त उघडतो आणि डिस्कच दिसत नाही. तिथे तुमचा पीएक्सई कितीही चांगला असला तरी ईएलरेपोची (रेड हॅटसाठी जादा ड्रायव्हर पुरवणारा प्रकल्प) ड्रायव्हर डिस्क द्यावीच लागते, लेबल ‘ओईएमडीआरव्ही’ ठेवलं तर इन्स्टॉलर ती आपणहून उचलतो.

बाकी १६ ब्लेड एकाच साच्यातले असतील तर पीएक्सई आणि किकस्टार्टच (इन्स्टॉलरची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल), त्यात वादच नाही. पण तीन-चार ब्लेडसाठी डीएचसीपी, टीएफटीपी उभं करा, नेटवर्कवाल्यांच्या हातापाया पडून व्हीलॅन (स्विचमधलं वेगळं काढलेलं नेटवर्क) अनटॅग करून घ्या, एवढ्यात व्हर्च्युअल मीडियावर काम संपतं. तुमच्या मेनू फाइलमधल्या कर्नलच्या ओळी खाली टाका ना, आयपी पुसून, यूईएफआयवाली ग्रबची असेल तर आधी ती. चवथीच्या सुट्टीत लॅब रिकामी असते, तेव्हा मीही लावून बघेन.